गिळलेला हुंकार

नववीच्या व्हिडिओच्या तासाला मी सहज मागे जाऊन उभी राहिले. तन्वी आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलमावशींची मुलाखत घेत होती. पहिलं चित्रण वाया गेलं होतं, कारण मावशींच्या प्रत्येक वाक्यावर तन्वीचा 'हं' चढला होता. सांगणाऱ्याला हुंकार द्यायचा, हे आपल्या अंगातच मुरलेलं. सर तिला म्हणाले, "मान हलव, पण आवाज नको."

दुसऱ्या वेळी तिनं ओठ घट्ट मिटले. मावशी बोलायच्या आणि हिच्या भुवया वर जायच्या. घशाशी आलेला हुंकार ती गिळायची आणि तो तिच्या चेहराभर पसरायचा. इतकं जीव लावून ऐकताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मी वीस वर्षं पाचवीला शिकवतेय, पण समोरचा जरा थांबला की माझा पुढचा प्रश्न तयार असतो.

"मुलं जेवली की मग मी जेवते," असं म्हणून मावशी थांबल्या. तन्वीनं काहीच विचारलं नाही. ती नुसती बघत राहिली.

बऱ्याच वेळानं मावशी माझ्याकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "मला तिसरीतून काढलं होतं. चुलीच्या भिंतीपलीकडे या बाईंचा वर्ग भरतो. खिचडी ढवळता ढवळता ऐकते. पाचवीच्या सगळ्या कविता येतात मला."

ते चित्रण नंतर सगळ्या शाळेनं पाहिलं. त्या वाक्यानंतर एक 'हं' स्पष्ट ऐकू येतो. तो तन्वीचा नाही. माझा आहे.