आईच्या फुलांचे पैसे

गेनर रॅमशॉ आणि मी इंग्लंडमधल्या संडरलंडच्या एकाच वृद्धाश्रमात कपडे धुतो. सकाळी ही नोकरी आणि दुपारी घरामागच्या शेडमध्ये अंत्ययात्रेची फुलं, असं तिचं चालायचं. आमच्याकडे शववाहिनीच्या काचेला फुलांची मोठाली अक्षरं लावतात. आई गेली असेल तर ‘मॅम’. गेनरच्या हातचं अक्षर कधी वाकडं गेलं नाही.

माणसं काही महिना बघून मरत नाहीत, पण आमच्यासारख्या कमी पगारवाल्यांना सरकार महिना बघूनच मदत देतं. आमचा पगार त्यांना आपोआप कळतो. फुलांची कमाई आणि त्यावरचा खर्च गेनरने दर महिन्याला स्वतः कळवायचा. उरलेल्या दर पौंडामागे अर्ध्या पौंडाहून जास्त मदत कापतात. त्यात आमचा पगार चार आठवड्यांनी होतो, म्हणजे वर्षातून एकदा एकाच महिन्यात दोन पगार पडतात. या वर्षी ऑगस्टमध्ये पडले. हिने गॅसची थकबाकी भरून टाकली, आणि दोन पगार दिसल्याने पुढची मदत आलीच नाही. घरभाडं राहिलं. घरमालकाने सांगितलं, पुन्हा एकदा कमी पडलं तर सामान उचल.

ऑक्टोबरात तिची आई गेली. म्हातारीने आयुष्यभर मळ्याच्या तुकड्यात शेवंती लावली होती. गेनरने ती सगळी कापली आणि ‘मॅम’ केलं. मी एवढी सुंदर फुलं कुणाच्या गाडीवर पाहिली नाहीत.

भाऊ क्लाइव्ह राहतो लीड्सला, आईला भेटायला सवड नाही, पण नाक मोठं. त्याने फुलांचे म्हणून दोनशे पौंड तिच्या खात्यात टाकले आणि बँकेच्या नोंदीत ‘मॅमची फुलं’ असं लिहिलंही. गेनरने फोन केला, परत घे म्हणाली.

“वा गं,” तो म्हणाला, “म्हणजे क्लाइव्हने आईला फुलंसुद्धा दिली नाहीत म्हणून गल्ली बोलायला मोकळी.”

आईच्या फुलांवर कमवायचं तिला सोसेना. तिने ते सगळे पैसे अंत्ययात्रेनंतरच्या चहाला आणि हॅमच्या सँडविचना घातले. लोकांनी क्लाइव्हची पाठ थोपटली.

मी म्हटलं, भावाचे पैसे आहेत, कळवू नकोस. पण पूर्वी एकदा एक रक्कम सांगायची राहिली होती, तेव्हा तिला चोरासारखं उभं केलं होतं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती. तिने कळवलं, आणि मदतीच्या कचेरीतून फोन आला. आम्ही इस्त्रीच्या टेबलाशी होतो, फोन स्पीकरवर.

“हे काम कुणासाठी केलं होतंत?”

“माझ्या आईसाठी.”

पलीकडची मुलगी मऊ आवाजात म्हणाली, “खर्च वजा करता येईल. फुलांची पावती आहे?”

“फुलं तिनेच लावलेली होती.”

“मग खर्च शून्य लिहिते हं.”

गेनरने बरं म्हटलं आणि पुढची चादर घेतली. मला त्या मुलीचा राग आला, क्लाइव्हचा आला, गेनरच्या त्या ‘बरं’चाही आला.

मदत कापूनच आली आणि भाडं कमी पडलं. आता गेनर माझ्या पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपते. येताना तिने एक बादली आणली, आईच्या शेवंतीच्या मुळ्यांची. मी तिसऱ्या मजल्यावर राहते.