भाकरी बघून वेबसाइट

गिऱ्हाईक हात जोडून आलं तरी ‘तुम्हाला वेबसाइट नकोय’ म्हणून चहा पाजून परत पाठवणारा वेबसाइटवाला साऱ्या सोलापुरात एकच, आणि ते म्हणजे आमचे साडू. काम घेतलंच, तर पहिले दोन दिवस लॅपटॉप पिशवीतून बाहेर येत नाही. गिऱ्हाइकाच्या दुकानात नुसतं बसायचं, कोण येतं, काय विचारतं ते बघायचं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखानदाराला झगमगीत वेबसाइट हवी होती. साडू म्हणाले, “तुमची गिऱ्हाइकं चार, चौघांचे नंबर तोंडपाठ. दाखवायची कुणाला?” वर प्रत्येक कामाच्या शेवटी त्यांची परीक्षा असते. मालकाने त्यांच्यासमोर वेबसाइटवरचा फोटो स्वतः बदलून दाखवायचा. नाही जमला, तर साडू तो प्लॅटफॉर्म रद्द करून आणखी सोपा शोधतात. “फोटोसाठी मला बोलवायला लागलं, तर वेबसाइट माझी झाली की!”

आमच्या गल्लीत कडक भाकरी करणाऱ्या एक मावशी आहेत. घर त्याच्यावरच चालतं. पुण्याच्या जावयाने हौसेने त्यांना मोठं ऑनलाइन दुकान थाटून दिलं. ते मागेल त्याची ऑर्डर घेत सुटलं. मावशींच्या हातून दिवसाला भाकऱ्या होतात साठ, ऑर्डरी आल्या चारशे. फोनवर कुणीतरी “फसवता काय?” म्हणालं, आणि मावशींनी चूलच विझवली. “न्हाय जमायचं बाबा मला. बंद करते सगळं.” मी साडूंना घेऊन गेलो, त्यांनी चूल पुन्हा पेटवायला लावली, तर हे गृहस्थ तीन दिवस चुलीपाशी बसून शेंगाचटणीशी भाकरी खाताहेत! मी वैतागलो. चौथ्या दिवशी त्यांनी ते दुकान काढून टाकलं आणि एकच पान ठेवलं. सकाळी मावशींनी आज किती भाकऱ्या होतील तो आकडा स्वतः टाकायचा, तेवढ्या गेल्या की पान आपोआप ऑर्डर घेणं थांबवतं. “ते दुकान कारखान्याचं होतं, मावशी. तुमाला हात दोनच हायत की.”

पान वर्षभर सुरळीत चाललं. गेल्या आठवड्यात मावशींनी त्यावर आकड्याऐवजी लिहिलं, ‘आज भाकरी न्हाय. खांदा दुखतोय.’ गिऱ्हाइकं तुटणार या धास्तीने त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. दुपारपर्यंत निरोप आले होते, पण रागाचा एकही नव्हता. ‘आराम करा, आम्ही थांबतो.’ ‘तेल चोळा, मावशी.’ साडू मोठ्याने वाचत होते, मध्येच त्यांनी फोन माझ्या हातात दिला. कचेरीत मी तीस वर्षं कागद हलवले, त्यातला एकही कुणाच्या दुखऱ्या खांद्यापर्यंत पोचला असेल असं वाटत नाही. त्या दिवशी मला साडूंचा फार हेवा वाटला.