वादाचा बांध आणि बुटका ट्रॅक्टर

सीवूड्सच्या एका मोठ्या सोसायटीत मी देखभालीचं काम बघतो. ही कबुली माझ्याकडे कुणी मागितलेली नाही, पण मन खातं म्हणून देतो.

आमच्या मैदानाचं गवत एक जुना बुटका ट्रॅक्टर कापतो. त्याला गिअर नाहीत. आतल्या पंपातल्या तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. पेडल जितकं दाबाल तितका वेग. पण तो इतका मंदावला होता की फिरायला आलेल्या आज्या त्याला मागे टाकायच्या आणि वर वळून बघायच्या.

तो चालवणारे काका शेजारच्याच करावे गावचे. हे मैदान म्हणजे एके काळची त्यांच्या घरची भातशेती.

सेक्रेटरींनी फर्मान काढलं. साडेसातला योगाच्या चटया पडतात, त्याआधी मैदान मोकळं पाहिजे. येत्या शनिवारी जमलं नाही तर काम ठेकेदाराला आणि काका गेटवर. खुर्चीत बसून आपल्याच शेतात शिरणाऱ्यांची नावं लिहायची, या कल्पनेने काकांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. जणू फर्मान माझंच.

मी पूर्वी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होतो. शुक्रवारी दुपारी ट्रॅक्टर उघडला. तेल बदललं, सैल पडलेला पट्टा बदलला. थोडाच फरक पडला. मग लक्षात आलं, पेडलपासून पंपापर्यंत जाणाऱ्या सळईचे सांधे झिजलेत. पेडल तळाला टेकलं तरी पंपाचा दांडा पाऊण वाटेवरच थांबत होता. नट फिरवून सळई जुळवली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पेडलखाली वेग अडवणारा एक बोल्ट होता, बनवणाऱ्याने विचार करून बसवलेला. तोही चार आटे आत घेतला. रजिस्टरमध्ये मात्र लिहिलं, ‘तेल बदलले.’

शनिवारी सहाला ट्रॅक्टर असा सुटला की काकांची टोपी उडाली. तरी सात वाजले तेव्हा अर्धं मैदान बाकी. मी बाजूने पळत पाहू लागलो. काका या टोकापासून त्या टोकापर्यंत जातच नव्हते. बरोबर मध्यावर येऊन मागे वळायचे. अर्धा वेळ वळण्यातच जात होता. आणि मध्ये हातभर रुंदीची गवताची पट्टी तशीच उभी. ती दर वेळी राहायची म्हणून, पातं बोथट झालंय असं समजून मी ते तीनदा धार लावायला पाठवलं होतं.

"काका, इथून का वळता?"

"बांध हाय."

"कुठाय?"

"तुला नाय दिसनार. चुलतभावाशी वाद हाय त्याचा. मी वलांडला तं त्यो म्हनल, घुसला."

शहर वसवायला सरकारने जमीन घेऊन इतकी वर्षं झाली, मोबदल्याचे प्लॉट दोघांनी घेतले, त्यावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या. भांडण तेवढं संपादन करायचं राहिलं होतं.

"मग गेटवर बसा," मी म्हणालो. लागावं म्हणूनच म्हणालो.

काकांनी इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरले.

"तू सातारचा. तुजा या वादात काय नाय. तू मोड."

मी बसलो आणि पूर्ण पेडल दाबून बांध कापला. त्यानंतर काका टोकापासून टोकापर्यंत सरळ पट्टे मारत सुटले. सात पंचविसाला मैदान तयार. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली. गेटचा विषय तिथेच मिटला.

वळणं वाचल्यावर एवढ्या वेगाची गरजच उरली नाही. त्याच संध्याकाळी बोल्ट पूर्ववत केला. रजिस्टर तसंच ठेवलं.

पण गवत पुन्हा वाढतं, आणि त्या पट्टीला काका अजून पातं लावत नाहीत. दर शनिवारी पट्टीवरून पहिला फेरा माझा. माझ्या चाकाची रेघ म्हणजे बांध, असं काकांनी मानलंय. आदल्या दिवशी ते सुक्या बोंबलांची पुडी देतात, म्हणतात, जरा तिकडून घे. मी घेतो. आतापर्यंत बांध वीतभर तरी चुलतभावाच्या हद्दीत शिरलाय. ज्याचा कशाशी संबंध नाही म्हणून ज्याला बसवलं, त्याने असं करावं, याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात ते चुलतभाऊ स्वतः मैदानावर आले. बराच वेळ रेघेकडे बघत उभे राहिले. जाताना माझ्या हातात एक पिशवी दिली, आत सोलून सुकवलेल्या कोलंबीचे सोडे होते. चांगले मोठे.

मी ठेवून घेतले.