दुपारी दोनचं हेलिकॉप्टर

आमचे हे रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण ह्यांच्या डोक्यातलं हेलिकॉप्टर काही खाली उतरेना. तेही साधंसुधं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशातल्या काही खटपट्या मंडळींनी पात्यांच्या टोकांना जेट लावून हेलिकॉप्टरं उडवून पाहिली होती, त्यातलं. म्हणजे इंजिनानं मधला दांडा फिरवायचाच नाही. पोकळ पात्यांमधून हवा टोकापर्यंत न्यायची, ती तिथून मागे सुटली की पाती आपोआप गरगरतात. दिवाळीतलं भुईचक्र फिरतं ना, तसंच. त्यामुळे खालचं धड उलटं फिरत नाही आणि शेपटीवर छोटा पंखा लावावा लागत नाही. मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण लग्नानंतर माथेरानला गेलो तेव्हा घोड्यावर बसून मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

पुढे ती हेलिकॉप्टरं मागे पडली. इंधन फार पीत आणि आवाज भयंकर करत. इंधनाचं हे कबूल करायचे. आवाजाचं नाव काढलं की मात्र भडकायचे.

"सगळी बोंब आहे! मी जन्मभर इंजिनं तपासली. कसला आलाय आवाज?"

आता, जन्मभर चालू इंजिनांशेजारी उभं राहून ह्यांनी कानांची पार वाट लावून घेतली होती, हे ह्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. खराडीच्या लेकीनं कानाचं मशीन आणून दिलं, ते डबीसकट कपाटात. "मला व्यवस्थित ऐकू येतं, तुम्ही लोक पुटपुटता." आणि काहीही विचारलं की उत्तर एकच, "हो". कारल्याची भाजी करू का? हो. ताटात पडली की तोंड वाकडं, "कारलं करायला कोणी सांगितलं होतं?"

ते मी चालवून घेतलं असतं. पण एकदा नातीनं फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?" आणि हे म्हणाले, "हो हो!" तेव्हापासून ती फोनवर फक्त मलाच मागायला लागली. ते मशीन ह्यांच्या कानात जायलाच हवं होतं.

म्हणून मीच पैज लावली. "करा तुमचं यंत्र. एक जरी माणूस आवाजाबद्दल बोलला, तर मशीन घालायचं." हे तयार. आपणच जिंकणार याची केवढी ती खात्री!

बिल्डिंगच्या तळाशी टायरचं दुकान असलेले चाचा ह्यांचे जुने दोस्त. हवेचा कॉम्प्रेसर त्यांचा. "वहिनी, दुकान एक ते चार बंद. तेवढा वेळ कॉम्प्रेसर तुमचा," ते म्हणाले. दुकान बंद असतं तेव्हा वरचे तिन्ही मजले जेवून आडवे झालेले असतात, हे त्या दोघा विद्वानांच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोलेन कशाला?

दोन वाजता पार्किंगमध्ये एक सळई उभी केली. तिच्यावर वरखाली सरकेल असं ॲल्युमिनियमच्या पोकळ पात्यांचं यंत्र बसवलं. ह्यांनी हवा सोडली. अगं बाई! बिल्डिंगमधल्या सगळ्या कुकरांनी एकदम शिट्ट्या मारल्या असत्या, तरी एवढं झालं नसतं. पाती फिरली, दिसेनाशी झाली आणि खरंच सांगते, ते यंत्र सळईवरून चांगलं हातभर वर चढलं. खालचं धड जागच्या जागी स्थिर. ह्यांचा चेहरा असा फुलला होता की क्षणभर मलाही भरून आलं.

तोवर सगळ्या गॅलऱ्या भरल्या. दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर बनियनवर येऊन ओरडले, "अहो, जाणार असाल तर एकदाचे जा! आणि येताना रिक्षानं या!" ह्यांना वाटलं कौतुक चाललंय. ह्यांनी वर बघून हात हलवला.

मग शाबासकी घ्यायला चाचांकडे वळले. चाचांची बोटं दोन्ही कानांत. माझीही. ह्यांनी पुन्हा वर पाहिलं. मास्तरांपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळ्यांचे हात कानांवर. हे एकटेच आवाजाच्या सगळ्यात जवळ, मोकळ्या हातांनी उभे होते. ह्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि हवा बंद केली.

मी जिंकल्यावर सुनवायचं वाक्य तयार ठेवलं होतं. ह्यांचं तोंड बघून ते गिळलं.

वर आल्यावर ह्यांनी स्वतःहून कपाटातली डबी काढली, मशीन कानात घातलं.

"येतंय का ऐकू?" मी विचारलं.

हे दचकले. "अगं, ओरडतेस काय? मी काय बहिरा आहे?"

काय म्हणावं या माणसाला! पण हळू कसं बोलायचं हेच मी विसरले होते. दोनदा घसा खाकरला. मग अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "संध्याकाळी कारलं करू?"

"नको."

मी तडक खराडीला फोन लावला, नातीला बोलावलं आणि फोन ह्यांच्या हातात दिला. पलीकडून तिनं अगदी हळू काहीतरी विचारलं.

"नाही गं राणी," हे म्हणाले. "कधीच नाही."

तिनं काय विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. ह्यांना आलं.