हवेपेक्षा जड

चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली होती आणि आईने घर धुवायला काढलं होतं. नवघरच्या आमच्या बिल्डिंगला टँकरचं पाणी, त्याचे पांढरे डाग बाथरूमच्या फरशीवर बसतात. पाहुणे येणार म्हणजे ते डाग गेलेच पाहिजेत. राहू दे म्हटल्यावर राहू देईल ती माझी आई कसली! मी हॉलमध्ये नववीच्या मुलींना घनता शिकवत होते. आमच्यापर्यंत वास यायला नको म्हणून तिने बाथरूमचं दार आतून लावून घेतलं.

आधी तिने ॲसिड ओतलं. डाग हटेनात, म्हणून त्यावरच मूठभर ब्लिचिंग पावडर टाकली. एकाने भागलं नाही तर दोन्ही घालायचं, हा तिचा भाजीतल्या मसाल्याचा न्याय.

खोकला ऐकू आला, मग बादली पडली. दाराखालच्या फटीतून उग्र वास आला आणि माझी पाचावर धारण बसली. क्लोरीन! मुलींना मी बाहेर पिटाळलं.

"आई, दार उघड!"

"चक्कर यायली गं," ती आतून म्हणाली. "बसते जरा खाली."

आवाज ऐकून शेजारीण धावत आली होती. तीही ओरडली, "हाँ आंटी, नीचे बैठ जाओ!"

चक्कर आली की खाली बसायचं, हे आपल्या अंगातच मुरलेलं. पण क्लोरीन हवेपेक्षा जड, तो फरशीलगतच साचतो. आई बसली असती तर त्यातच बुडाली असती. मी दारावर मुठी आपटल्या. "बसू नकोस! उभी राहा! कडी काढ!" आईवर मी इतकी कधीच ओरडले नव्हते. आतून उत्तर येईना. ती गेली, असंच मला वाटलं.

मग कडी वाजली. नाकाला ओला टॉवेल धरून मी तिला ओढून बाहेर काढलं. शेजारीण तिला जिन्यावर टेकवायला लागली, तर मी तिच्यावरही खेकसले. पॅसेजच्या उघड्या खिडकीपाशी आईला उभं धरलं, आणि रिक्षा येताच दवाखाना गाठला.

ऑक्सिजन लावल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज इथेच ठेवू. त्रास नंतरही वाढू शकतो."

आईने मास्क सरकवला. "आता काईच व्हईना मला. चल घरी, फरशी तशीच पडलीय."

दरवर्षी मी मुलींना शिकवते, कोरड्या लिटमसला क्लोरीन काही करत नाही. ओल्याचा मात्र रंग उडवतो, कारण पाण्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं. फुप्फुसं आतून ओली असतात.

"काही नाही होत," मी म्हणाले, मास्क नीट बसवला आणि तिच्या छातीकडे बघत राहिले.