तोट्यातल्या पदवीचा ताळा

आदरणीय प्रा. मनोहरराव खोडके सरांना मी पहिल्यांदा पाहिले, ते आमच्या घरात कापसाच्या गंजीला पाठ टेकून बसलेले. फुलसावंगीजवळचा आमचा तांडा. बारावीचा निकाल लागला होता आणि गणितात एवढे गुण मिळवणारी मुलगी कॉलेजला येणार नाही, असे कानावर आल्याने सर स्वतः एस.टी.ने आले होते. भाव वाढेल म्हणून राखलेल्या कापसाला टेकले की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. सर पडले शहरातले. ते मान खाजवत, पाठ खाजवत, तरी तिथेच बसून राहिले आणि मला दाराआड हसू आवरेना.

हसत होते खरी, पण कान आतल्या बोलण्याकडे होते. मामांनी आणलेला नर्सिंगचा फॉर्म पेटीत भरून तयार होता. दोन-तीन वर्षांत नोकरी, असे सगळे सांगत होते. मला मात्र गणितच हवे होते.

वडिलांनी आडवळण घेतले नाही. "सर, पोरगी हुशार आहे, मले मालूम आहे. पण या गणिताच्या डिगरीतून निंघते काय? एकरी हिशेब सांगा."

दुसरे कुणी असते तर विद्या, संस्कार असे काहीबाही बोलले असते. सरांनी माझ्याच वहीचे पान मागून घेतले. फी, पास, पुस्तके, पुढे एम.एस्सी., मग बी.एड., मग नोकरीची वाट पाहण्याची वर्षे, असे सगळे एकाखाली एक मांडले आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, सात वर्षं तोटा आहे. आठव्या वर्षी मुद्दल निघेल. तेही कदाचित."

माझा तर जीवच गेला. वडिलांनी पानावरच्या आकड्यांवरून एकेक करत बोट फिरवले. मग म्हणाले, "नफा तं सारेच सांगतेत. बियाणेवाला सांगते, व्यापारी सांगते. तोटा सांगणारा पह्यला माणूस भेटला. घेऊन जा पोरीले."

सरांच्या तासांची आठवण आली की आजही चालता चालता माझी पावले मंदावतात. आम्हा गावाकडच्या पोरांना आणणारी फुलसावंगीची गाडी आल्याशिवाय ते फळ्याला खडू लावत नसत. खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या धुळीकडे बघत राहत. मग एक रेघ काढत. ती फळ्याच्या कडेपर्यंत जाई आणि सर खडू तसाच हवेत धरून म्हणत, "ही पुढे जातेच आहे बरं." आम्ही सगळे खिडकीबाहेर बघू लागायचो. बोंडे फुटलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पांढऱ्या वावरांवरून ती रेघ जाताना मला खरोखर दिसे. आमच्या तांड्यावरून, टेकडीवरून, जिथे आभाळही फिके होत जाते तिथपर्यंत. तास संपल्याचे कुणाच्या ध्यानातच यायचे नाही.

असे स्वप्नाळू सर एका बाबतीत मात्र फार कडक होते. ताळा घेतल्याशिवाय उत्तर मान्य नाही. स्वतःची चूक सापडली तर ते तिला फळ्यावर लाल खडूने गोल करत आणि तो गोल दिवसभर पुसू देत नसत.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी आठ दिवस गैरहजर राहिले. सरांनी कारण विचारले. मी म्हणाले, "वेचणी होती सर. बाकीचे दिवस मी नसतेच ना वावरात." दिवसाला किती किलो वेचतेस, किलोमागे मजुरी काय, एवढेच विचारून सर निघून गेले.

रविवारी आम्ही वावरात असताना सर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, येताना दिसले. हातात तेच वहीचे पान. मी वेचणी सोडून वडिलांजवळ जाऊन उभी राहिले, कारण त्या वर्षाची फी अजून भरायची होती आणि नर्सिंगचा फॉर्म पेटीतच होता.

"भाऊ, माझी चूक झाली," सर म्हणाले. "पोरीची वेचणी मी धरलीच नाही. तोटा मी सांगितला त्यापेक्षा जास्त आहे. फी भरायच्या आधी तुम्हाला हे कळायला हवं."

वडील कमरेच्या ओटीत कापूस कोंबत होते. ते मोठ्याने हसले. "अवो सर, ते तं मी त्याच दिवशी धरलं होतं! कापूसवाला माणूस वेचणी इसरन का? हिची पात मी अन् हिच्या मायनं अर्धी अर्धी वाटून घेतली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कायले सांगाव? तुमी बिचारे खाजवून राह्यले होते."

एकाच्या वाट्याला येणारी ओळ म्हणजे पात. माझी पात कोण वेचते, हे दीड वर्षात मी एकदाही विचारले नव्हते. मी पऱ्हाटीत तोंड खुपसून रडले. सरांनी खिशातून लाल पेन काढून स्वतःच्या हिशेबाला गोल केला, ओटी मागून घेतली आणि परतीच्या गाडीपर्यंत कापूस वेचला. याडीने, म्हणजे माझ्या आईने, तो काट्यावर टाकला. भरला दीड किलो, त्यातही निम्मा पालापाचोळा!

सरांचा हिशेब तरीही आशावादीच ठरला. तासिका तत्त्वावर शिकवण्यात माझी इतकी वर्षे गेली की मुद्दल निघायला अकरावे साल उजाडले. आज मी राळेगावला गणित शिकवते. मुलींचे वडील विचारतात, "म्याडम, या डिगरीतून निंघते काय?" मी पान घेते आणि तोटा खरा सांगते. पहिली ओळ लिहिते, पोरीची वेचणी. मग त्यांच्याकडे बघत थांबते. काही जण उठून जातात. काही म्हणतात, "ते पाहून घेऊ आम्ही." अशा वेळी मला सरांचा तो खडू हवेत दिसतो.

सर, आपण आता पंचाहत्तरीत पाऊल ठेवत आहात. गुडघे दुखतात, डोळ्यांना धूसर दिसते, असे ऐकते. आपली रेघ शंभराच्या पुढे जातच राहो, प्रकृती ठणठणीत राहो. आता ओटी सोडा, धुऱ्यावर सावलीत बसा आणि लांबवर बघत राहा. आपली पात आम्ही वाटून घेतली आहे.