दादांचं खाकरणं

एसटीत बसून टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. हिंगोलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे... कुठली वायर सुटली ते शोधायचं, एवढंच मला कळतं. तरी लिहितोय, कारण आज डोकं ठिकाणावर नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, मागच्या पावसाळ्यात दम्यानं गेले. हट्ट्याला, आमच्या गावी, आई एकटी. "घर खायला उठतं रे," म्हणायची. म्हणून तिला इंटरनेट रेडिओ आणून दिला. वायफाय जोडलं, बातम्यांची अन् भक्तिगीतांची स्टेशनं शोधून पहिल्या तीन बटणांवर बसवली. चौथ्या बटणावर पेनड्राइव्ह — त्यात दादांची भजनं, मोबाइलवर रेकॉर्ड केलेली. गाताना मधेमधे ते खोकायचे, खाकरायचे. ऐकून आई रडेल म्हणून ते सगळं मी कापून टाकलं. फाइल न् फाइल तपासली.

दादांनी आईला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. आमच्याकडची जुनी माणसं मारतच नाहीत. ते दोनदा खाकरायचे, की आई हातातलं काम टाकून उठायची. चहा, पाणी, टॉवेल... काय ते तिला बराबर कळायचं. आम्ही पोरं तिची लई चेष्टा करायचो.

मागच्या महिन्यात शेतात हळद शिजवायचा कुकर लागला होता. आई वाफेच्या पाइपाला खेटूनच हळद निवडत बसलेली.

"माय, सरक ना जरा तिकडं!" मी ओरडलो.

"तू तुझं बघ. जन्म गेला माझा हळदीत."

रेडिओ शेतातल्या खोलीच्या ओट्यावर, चार्जिंगवर चालू. दादांचं भजन लागलेलं. भर दुपार, लख्ख ऊन. भजन मधेच थांबलं... अन् दोनदा खाकरणं. स्पष्ट!

"आले," म्हणत आई उठली. पदराला हात पुसत ओट्याकडं निघाली. ती पोचते न पोचते तोच पाइप फुटला. ती बसली होती तिथं उकळतं पाणी अन् वाफ... अरे देवा! आई ओट्यापाशी उभी, रेडिओकडं तोंड करून विचारत होती, "काय पाहिजे हो?"

घरी येऊन ती फाइल मी पुन्हा पुन्हा ऐकली. भजन सलग आहे. खाकरणं कुठंच नाही. पेनड्राइव्ह बिघडला असेल, रेडिओ अडकला असेल, सगळं मान्य... पण मग तो आवाज आला कुठून? मला आजही सांगता येत नाही.

"तुला भ्या न्हाई वाटलं?" मी आईला विचारलं.

"काहून? जन्मभर उठतेच की मी." रेडिओ परत न्यायला निघालो, तर तिनं हातसुद्धा लावू दिला नाही.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाज एकदम निवांत. "तुझे दादा पुन्हा खाकरले रे. मी उठले, अंगणात गेले, चूल पाहिली, गॅस पाहिला. काहीच न्हाई. मंग काहून बोलावून राहिले असतील?"

"माय, तू बाहेरच बस, मी येऊन राहिलो," म्हणालो अन् शटर ओढून निघालो.

औंढा मागं पडलं, हट्टा अजून यायचाय. मघापासून फोन लावतोय. रिंग जाते... आई उचलत नाही.